पुण्यातली मसाला कांडपं: कुठे काय द्यावं आणि मसाला कुठे बिघडतो

मसाला कुटून देण्याची सोय पुण्यात तीन प्रकारची आहे: जुन्या पद्धतीची डंकाची कांडपं, पीठगिरणीला जोडून बसवलेली पल्व्हरायझरची यंत्रं आणि सामानासकट सगळं करून देणारे बचत गट. तिघांकडे एकाच यादीचं सामान दिलं तरी तीन वेगळे मसाले हातात येतात. ज्याला आपला स्वयंपाक मुळापासून शिकायचा आहे, त्याने तयार पाकिटं फोडण्याआधी एका उन्हाळ्यात स्वतःचा मसाला कुटून घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. आमटीला गोडा का, मिसळीला कांदा-लसूण का, आणि बांगड्याच्या तिखल्यात त्रिफळं (तिरफळं) पूड न करताच का, हे त्या एका खेपेत नीट कळतं.

डंकात लोखंडी उखळात जड मुसळं वरखाली होतात. मसाला ठेचला जातो, मधूनमधून चाळला जातो आणि वर राहिलेला चाळ पुन्हा उखळात जातो. वेळ लागतो, पण मसाला फारसा तापत नाही. पल्व्हरायझरच्या बंद डब्यात हातोड्या वेगाने फिरतात. काम झटपट उरकतं, पूड अगदी बारीक पडते, पण चांगलीच गरम होऊन बाहेर येते. लवंग, वेलची, दालचिनीचा वास त्यांच्यातल्या तेलाचा असतो आणि उष्णतेने तेच आधी उडतं. म्हणून गोडा, काळा आणि कांदा-लसूण मसाल्याला डंकच हवा. नुसती धणेपूड किंवा हळद असेल तर पल्व्हरायझरने काही बिघडत नाही. मिरचीलाही तो चालतो, फक्त दोन फेऱ्यांच्या मध्ये पूड निवू द्यायला सांगावं. बाहेरच्या पाटीवर दोन्हीकडे ‘कांडप’ असंच लिहिलेलं असतं, तेव्हा आत डोकावून यंत्र बघा. मुसळांचा ठोका ऐकू आला की डंक आहे.

चांगलं कांडप ओळखायचं ते तिथल्या माणसाच्या प्रश्नांवरून. ‘खोबरं वेगळं बांधलंय का?’, ‘मिरची कधी वाळवली?’ असं विचारून जो पिशवी उघडून बघतो, त्याच्याकडे निर्धास्त द्यावं. न बघता वजन करून रांगेत ठेवतो तिथे आपल्याला विचारावं लागतं: आधीचा घाणा कशाचा होता? लवंगी मिरचीनंतर लगेच तुमचा गोडा मसाला उखळात गेला तर तो तिखट होणार, आणि हळदीनंतर गेला तर पिवळट. घट (कुटताना कमी होणारं वजन) किती धरता आणि शेवटचा चाळ परत देता का, हेही आधीच ठरवून घ्यावं. बऱ्याच ठिकाणी अर्ध्या किलोच्या आतला मसाला घेत नाहीत. ते रास्तच आहे, कारण तेवढा मसाला उखळाच्या कडांनाच चिकटून राहतो.

खरं तर मसाल्याचं भवितव्य घरातच ठरलेलं असतं, आणि त्याची सुरुवात मिरचीपासून होते. मार्केट यार्डाच्या भुसार विभागात किंवा रविवार पेठेत गेल्यावर नुसती ‘लाल मिरची’ मागू नका, नाव घेऊन मागा. ब्याडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, गडद रंगाची आणि कमी तिखट. तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. संकेश्वरी लांब, पातळ आणि चांगली तिखट. लवंगी आखूड आणि जहाल. आंध्रातली गुंटूरही तिखटपणासाठीच घेतात. रोजच्या तिखटाला १ किलोमागे ६०० ग्रॅम ब्याडगी, ३०० ग्रॅम संकेश्वरी आणि १०० ग्रॅम लवंगी हे प्रमाण बहुतेक घरांना मानवतं. एक मिरची मोडून आत बघा. आत करडी बुरशी किंवा काळे डाग दिसले तर ते पोतं सोडून द्या. अशी मिरची कितीही वाळवली तरी खाण्यालायक होत नाही. देठं काढून दोन दिवस कडक उन्हात वाळवली की मिरची हातात चुरली जाते. वळवाचं आभाळ आलं तर कोरड्या कढईत मंद आंचेवर फक्त गरम करावी, रंग बदलू देऊ नये. दमट मिरची डंकात चिवट राहते, पूड जाड पडते आणि पावसाळ्यात तिच्या गुठळ्या होतात.

आता गोडा मसाला. पुण्यात कांडपावर येणाऱ्या मसाल्यांत सगळ्यात नाजूक हाच. एका घाण्यासाठी धणे २५० ग्रॅम, सुकं खोबरं १२५, तीळ ५०, जिरे २५, सुकी ब्याडगी २५, दगडफूल १५, शहाजिरे, दालचिनी, लवंग, काळी मिरी आणि हळकुंड प्रत्येकी १०, तमालपत्र, नागकेशर, बाद्यान (चक्रीफूल) आणि मसाला वेलची प्रत्येकी ५, खडा हिंग ५ ग्रॅम. एकूण साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरतं. हळकुंड आधी खलबत्त्यात फोडून घ्यावं, अख्खं दिलं तर मसाल्यात खडे राहतात. हळकुंड आणि हिंग तेलात फुलेपर्यंत तळावे. बाकीचा खडा मसाला चमचा-चमचा तेलात, एकेक जिन्नस वेगळा परतावा. एकत्र परतला तर दालचिनी तापायच्या आत शहाजिरे करपतात, आणि करपलेल्या शहाजिऱ्याचा कडवटपणा गुळानेही झाकला जात नाही.

दगडफुलाबद्दल दोन शब्द जास्त. हे फूल नव्हे, दगडांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारं शेवाळासारखं दिसणारं लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची एकत्र वाढ आहे, त्यामुळे त्यात सालीचे तुकडे, माती आणि खडे हमखास निघतात. धुऊ नका. चाळणीत घासून चाळा, निवडा आणि सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर उरलेल्या उष्णतेत फिरवा. कच्चं असताना त्याला जवळजवळ वास नसतो, तेलात गरम झालं की मातकट, धुरकट वास सुटतो. गोड्या मसाल्याची ओळख तोच वास आहे. तमिळनाडूतल्या चेट्टीनाड स्वयंपाकात हेच दगडफूल ‘कल्पासी’ म्हणून पडतं आणि उत्तरेत ‘पत्थर के फूल’ म्हणून. तीन प्रांतांचे रस्से किती दूरचे, पण तळाशी हा एक जिन्नस सारखा!

खोबरं, तीळ (आणि घालत असाल तर खसखस) कोरडं भाजून वेगळ्या पुडीत बांधा. सुरुवातीलाच उखळात पडलं तर तेल सुटून सगळ्याचा गोळा होतो आणि धणे तसेच अख्खे राहतात. आधी खडा मसाला, मग मिरची, शेवटी तेलकट जिन्नस, हा क्रम कांडपवाल्याला तोंडी सांगा आणि पुड्यांवर लिहूनही ठेवा.

कांदा-लसूण मसाल्यात बिघाड बहुतेक वेळा कांद्यामुळे होतो. १ किलो मिरचीला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, पाव किलो धणे, १०० ग्रॅम तीळ आणि दीडशे ग्रॅम खडं मीठ हे प्रमाण धरा. खडा मसाला आवडीप्रमाणे. कांदा उभा चिरून उन्हात पूर्ण वाळवायचा आणि मगच तळायचा. ओला कांदा नुसता तळून दिला तर वरून कुरकुरीत वाटतो, आत ओल राहते आणि महिन्याभरात बरणीत बुरशी धरते. मीठही कढईत गरम करून कोरडं करावं. मिसळीचा कट, झुणका, मटकीची उसळ यांना हा मसाला हवा. आमटीत मात्र घालू नये, चिंचगुळाशी त्याचा लसूण भांडतो.

मालवणी मसाल्यात खोबरं कुटत नाहीत, म्हणून तो वर्षभर टिकतो. खोबरं येतं ते स्वयंपाकाच्या वेळी, ओल्या वाटणातून. त्यात धणे आणि बडीशेप सढळ असते. त्रिफळं कांडपावर नेऊच नयेत. आतली काळी बी काढून नुसती टरफलं जरा ठेचून माशाच्या आमटीत घालायची असतात.

इतर प्रांतांचे मसाले कांडपावर न्यावेत का? सांबार मसाल्यात हरभरा आणि उडीद डाळ असते. ती डंकात बारीक होत नाही, खमंग भाजून घरच्या मिक्सरवर किंवा गिरणीत करावी. मेतकुटालाही तेच लागू. बंगाली पाचफोडण मेथी, कलौंजी, जिरे, बडीशेप आणि मोहरी किंवा राधुनी (ओव्यासारखं बी) यांचं, तेलात अख्खंच तडतडायचं. पंजाबी गरम मसाला थोडाथोडा, न तळता, घरी केलेलाच चांगला. काश्मिरी पंडितांच्या रोगनजोशला कांदा-लसूण लागत नाही, सुंठ आणि बडीशेपेची पूड लागते. दोन्ही वेगवेगळ्या करून ठेवाव्यात, कारण प्रत्येक भाजीत त्यांचं प्रमाण बदलतं.

बचत गटांकडून करून घ्यायचं असेल तर दोन गोष्टी विचारा: कोणती मिरची घातली, आणि कुटल्याची तारीख. डिसेंबरात शहरात भरणाऱ्या भीमथडी जत्रेत चव घेऊन पारखता येतं, पण त्या वेळी हाती येणारा मसाला बहुधा मागच्या उन्हाळ्यातल्या मिरचीचा असतो. नवीन मिरचीचा हवा असेल तर फेब्रुवारीतच सांगून ठेवावं. ज्यांना वाळवायला गच्ची नाही आणि भाजायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा मार्ग उत्तम. मसाला हाताने परतलेला असतो, पाकिटातल्यासारखा महिनोन्‌महिने दुकानात पडून राहिलेला नसतो.

कांडपावर मार्चअखेरीस जावं. मे महिन्यात रांगा लागतात आणि घाईत घाणे एकमेकांत मिसळतात. झाकणाचा कोरडा स्टीलचा डबा आणि जुनं सुती कापड सोबत न्या. नुकताच कुटलेला, कोमट मसाला प्लास्टिकच्या पिशवीत भरू देऊ नका. घरी आल्यावर परातीत पसरून पूर्ण निवू द्या, हाताने गुठळ्या मोडा आणि मगच काचेच्या बरणीत दाबून भरा. वर हिंगाचे चार खडे ठेवा. खोबऱ्याचा मसाला साधारण सहा महिन्यांत खवट वास धरू लागतो, तेव्हा निम्मा फ्रीजमध्ये ठेवावा आणि रोजच्या वापराला छोटी बरणी वेगळी काढावी, चमचा कोरडाच घालावा.