एका मतदारसंघातून एक खासदार की पाच?

निवडणूक पद्धतीवर वाद सुरू झाला की चर्चेची गाडी लगेच मतं मोजण्याच्या सूत्रावर येते. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न मोठा आहे : एका मतदारसंघातून किती जण निवडून द्यायचे? एक, चार-पाच, की अख्खा देश हाच एक मतदारसंघ? हे ठरलं की बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं.

आधी आकडेच मांडून बघू. एका मतदारसंघात एक लाख मतं पडली. अ पक्षाला 46 हजार, ब ला 31, क ला 14 आणि ड ला 9 हजार. जागा एकच असेल तर ती अ ला. उरलेल्या 54 हजार मतांचं खासदारात रूपांतर झालं नाही. जागा पाच असतील तर डीहोंट पद्धतीने प्रत्येकाच्या मतांना 1, 2, 3 असं भागत जायचं आणि सर्वांत मोठे पाच भागाकार निवडायचे. अ ला तीन, ब ला दोन. सँत-लाग्यू पद्धतीत भाजक 1, 3, 5 असे घेतात. आता अ ला दोन, ब ला दोन आणि क ला एक. सूत्र बदलल्याने एक जागा इकडची तिकडे झाली. पण जागा एकच असती, तर दोन्ही सूत्रांनी ती अ लाच दिली असती.

एकसदस्यीय मतदारसंघाचा मोठा गुण म्हणजे आपला खासदार कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. काम अडलं तर दार कोणाचं ठोठावायचं हे ठरलेलं, आणि पोटनिवडणूकही सरळ. किंमत मात्र जबर आहे. ब्रिटनमध्ये 2024 साली लेबर पक्षाने 33.7 टक्के मतांवर 650 पैकी 411 जागा घेतल्या. रिफॉर्म यूकेला 14.3 टक्के मतं मिळून पाच जागा, तर त्याहून कमी म्हणजे 12.2 टक्के मतांच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाला 72. फरक एवढाच, की एकाची मतं देशभर पसरलेली होती, दुसऱ्याची ठरावीक भागांत एकवटलेली. आपल्याकडे 2014 मध्ये बसपला देशभरात चार टक्क्यांहून अधिक मतं मिळाली आणि लोकसभेत जागा शून्य.

दुसरी अडचण सीमारेषांची. लोकसंख्या सरकली की रेषा नव्याने आखाव्या लागतात, आणि आखणाऱ्याच्या हातात निकाल असू शकतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर गेरी यांच्या 1812 च्या नकाशापासून ही युक्ती प्रसिद्ध आहे. म्हणून हा पर्याय घ्यायचा असेल तर आखणी स्वतंत्र आयोगाकडे हवी आणि सरासरीपासून किती फरक चालेल तेही कायद्यात हवं. न्यूझीलंडमध्ये ही मर्यादा पाच टक्के आहे.

दुसरं टोक नेदरलँड्सचं. तिथे सगळ्या 150 जागा देशभरच्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. मतांच्या एकशेपन्नासाव्या भागाला, म्हणजे सुमारे 0.67 टक्क्याला, एक जागा. रेषांचा घोळच नाही. पण 2021 च्या निवडणुकीत 17 पक्ष सभागृहात आले आणि नवं सरकार शपथ घेईपर्यंत 299 दिवस गेले. यावर उपाय म्हणून किमान मतांचा उंबरठा ठेवतात, पण तोही जपून. तुर्कस्तानात 2002 साली दहा टक्क्यांचा उंबरठा होता. त्यात बहुतेक पक्ष गळाले आणि सुमारे 34 टक्के मतांच्या पक्षाला 550 पैकी 363 जागा मिळाल्या. असा उंबरठा असेल तर प्रमाणशीर पद्धत नावापुरतीच उरते.

मधला मार्ग बहुसदस्यीय मतदारसंघांचा. आयर्लंडमध्ये प्रत्येकी तीन ते पाच जागा असतात आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. ही पद्धत काढून टाकण्याचा प्रस्ताव 1959 आणि 1968 अशा दोन सार्वमतांत तिथल्या लोकांनी फेटाळला. जागांच्या संख्येचं महत्त्व स्पेनमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतं : सोरिया प्रांताला दोन जागा, माद्रिदला 37. सूत्र एकच, पण सोरियात तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाला काहीच मिळत नाही, आणि माद्रिदमध्ये तीन टक्के मतं ओलांडली की जागा पक्की.

इथे एक सावधगिरी. जागा अनेक असल्या म्हणजे वाटप प्रमाणशीर होतंच असं नाही. 1951-52 च्या लोकसभा निवडणुकीत आपल्याकडे 86 द्विसदस्यीय मतदारसंघ होते. मतदाराला दोन मतं, आणि एक जागा राखीव. डॉ. आंबेडकर उत्तर मुंबईत हरले ते अशाच मतदारसंघात. ही व्यवस्था 1961 मध्ये रद्द झाली. मतदाराला जागांइतकीच मतं दिली की मोठा पक्ष सगळ्याच जागा नेऊ शकतो.

बहुसदस्यीय पद्धतीचा एक फायदा फारसा कोणी बोलत नाही. जनगणनेनंतर रेषा हलवायची गरज कमी. प्रांत तसाच ठेवून त्याच्या जागा एकाने कमी-जास्त केल्या की झालं. अर्थात कोणत्या प्रांताला किती जागा हा वाद उरतोच. नॉर्वे प्रत्येक रहिवाशाला एक गुण आणि प्रत्येक चौरस किलोमीटरला 1.8 गुण देऊन जागा वाटतो, म्हणजे विरळ वस्तीच्या उत्तरेला झुकतं माप. ब्राझीलमध्ये राज्याला किमान आठ, कमाल 70. आपण तर राज्यनिहाय वाटप 1971 च्या जनगणनेवर गोठवलं आणि 84 व्या घटनादुरुस्तीने ती गोठवणूक 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. 2008 मध्ये बदलल्या त्या राज्यांच्या आतल्या रेषा.

राहिली मिश्र पद्धत : काही खासदार मतदारसंघातून, काही पक्षाच्या यादीतून. न्यूझीलंडने 1996 पासून ती घेतली. त्याआधी 1978 आणि 1981 मध्ये कमी मतं मिळालेल्या पक्षाला जास्त जागा मिळाल्या होत्या. ऐकायला उत्तम, पण दोन्ही बाजू जुळवताना गाठी पडतात. जर्मनीने सभागृह 630 वर बांधून ठेवलं आणि 2025 मध्ये 23 जण आपापल्या मतदारसंघात पहिले येऊनही बाहेर राहिले, कारण त्यांच्या पक्षाच्या मतांच्या वाट्यात तेवढ्या जागा बसत नव्हत्या. हे मतदाराला समजावणं सोपं नाही.

तुम्हाला एकपक्षीय सरकार आणि ओळखीचा खासदार सर्वांत महत्त्वाचा वाटत असेल, तर एकसदस्यीय पद्धत घ्या, पण स्वतंत्र आयोगाशिवाय नको. मला निवडायचं असेल तर मी पाच ते सात जागांचे मतदारसंघ घेईन, सूत्र सँत-लाग्यूचं, आणि स्वीडनसारख्या थोड्या समतोल साधणाऱ्या, म्हणजे पक्षांच्या जागा देशभरच्या मतांच्या प्रमाणाशी जुळवणाऱ्या, जागा वर ठेवीन. तिथे 349 पैकी 39 तशा आहेत. जिथे वस्ती इतकी विरळ की पाच जागांचा मतदारसंघ शेकडो किलोमीटर पसरेल, तिथे दोन-तीन जागांवर भागवावं लागेल, आणि तेवढ्यापुरता लहान पक्षांचा तोटा त्या समतोलाच्या जागांतूनच भरून काढावा लागेल.