घरी शिकणाऱ्या मुलांचं निबंध, साहित्य, व्याकरण: वर्कबुक, ऑनलाइन क्लास की घरचंच?

मुलीला आठवीनंतर शाळेतून काढली तेव्हा सगळ्यांनी विचारलं की गणिताचं काय, सायन्सचं काय. भाषेचं कोणी विचारलं नाही, आणि आम्ही नेमके भाषेतच अडकलो. आता ती १५ची आहे. दीड वर्षात तीन प्रकार करून झालेत, तेव्हा जे ठरवायच्या बेतात आहेत त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी परीक्षेचं बघा कारण बाकी सगळं त्यावरून ठरतं. एनआयओएसच्या (सरकारचं मुक्त शाळेचं बोर्ड, घरी शिकून परीक्षा देता येते) दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात, ५ विषय घ्यायचे, त्यात निदान एक भाषा हवी आणि जास्तीत जास्त दोन. भाषांमध्ये मराठीही आहे, हे बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांना माहीतच नसतं. आम्ही इंग्लिश आणि मराठी घेतलं. पोरीचं मराठी म्हणजे आजीशी बोलण्यापुरतं, शाळेत इंग्लिश मिडियम आणि सोबत गुजराती, म्हणजे मराठी लिहिण्याची सुरुवात अगदी काना-मात्रेपासून.

वर्कबुकवाला रस्ता सगळ्यात सोपा आणि सगळ्यात स्वस्त. इंग्लिशला ते रेन अँड मार्टिनचं जुनं व्याकरणाचं पुस्तक आहेच, मी स्वतः त्यातूनच शिकले. मूल आपलं आपण करू शकतं, उत्तरं तपासता येतात, आईला समोर बसायला लागत नाही. पण गंमत अशी की आमची लेक अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्हची २० वाक्यं बिनचूक करायची आणि तीच मुलगी निबंधात एक वाक्य भूतकाळात आणि दुसरं वर्तमानात ठोकून द्यायची, तिला स्वतःला त्याचा पत्ताही नाही. मराठीचं तर अजून अवघड कारण बाजारात मिळतात ती महाराष्ट्र बोर्डाची गाइडं नाहीतर एमपीएससीवाल्यांची व्याकरणाची पुस्तकं. तीही पुण्याहून कोणी येणारं असेल तर मागवायची. आणि आपल्या इथल्या मुलांच्या चुका त्या पुस्तकांत नसतातच. उदाहरणार्थ ‘चहा केली’. गुजरातीत चा स्त्रीलिंगी, हिंदीत चाय स्त्रीलिंगी, मग पोर चहालाही बाई करून टाकते. तसंच ‘कवि’, ‘गुरु’. हिंदी-गुजरातीत शेवट ऱ्हस्व, मराठीत सुटा शब्द लिहिला की कवी, गुरू असा दीर्घ, पण कविसंमेलन आणि गुरुवार लिहिताना परत ऱ्हस्व. (१९६२ साली साहित्य महामंडळाने केलेले नियम, नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तोंडपाठ आहेत, मला नाहीत.) एक फायदा मात्र आहे, गुजरातीतही तीन लिंगं असल्यामुळे ‘ते पुस्तक’ हे नपुंसकलिंग आपल्या मुलांना समजवावं लागत नाही, हिंदी घरातल्या मुलांची तिथेच पंचाईत होते.

ऑनलाइन क्लास आम्ही ६ महिने केला, इंग्लिशसाठी. साहित्याच्या बाबतीत खरंच चांगला होता, हे मान्य करायलाच हवं. एकाच कथेवर बंगलोरचा मुलगा एक बोलतो, नागपूरची मुलगी दुसरंच, आणि घरात गप्प बसणारी आमची बाई तिथे माइक चालू करून भांडायची! हे घरी होत नाही, आईशी भांडण वेगळं आणि बरोबरीच्याशी वेगळं. पण निबंध? वर्गात १२ मुलं, निबंध परत यायचा तो वर ‘गुड एफर्ट’ आणि खाली १० पैकी ७. ते ३ कुठे गेले ते शेवटपर्यंत कळलं नाही. केंब्रिजच्या आयजीसीएसईचा, म्हणजे त्यांच्या दहावीच्या पातळीच्या परीक्षेचा, विचार असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे फर्स्ट लँग्वेज इंग्लिशचा दुसरा पेपर ८० मार्कांचा, त्यातले ४० दिलेल्या मजकुरावरून लिहिण्याचे आणि ४० कॉम्पोझिशनचे, आणि तो साचा माहीत असलेला मास्तर लागतोच. फक्त शाळेत नाव नसलेल्या बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही परीक्षेला बसू देणारं सेंटर आधी शोधा आणि मगच क्लासची फी भरा.

आता घरचं. इथे बडोदेकरांची चैन आहे कारण सेंट्रल लायब्ररी. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन माणूस आणून उभी केलेली, आत काचेची जमीन, पोरीला पुस्तकांपेक्षा आधी ती जमीनच आवडली. कार्ड काढलं आणि साहित्याचा प्रश्न जवळजवळ मिटला. कवितेला आम्ही धडा वगैरे ठेवलाच नाही. बालकवींची ‘औदुंबर’ घेतली, ८ ओळींची, आणि तिला एवढंच सांगितलं की यात रंग किती ते मोज. मोजता मोजता तिलाच दिसलं की सुरुवातीचा हिरवा शेवटी काळ्या डोहापाशी जातो, मग तास दीड तास तेच बोलणं चाललं होतं.

निबंध नानांकडे दिला. पहिलाच निबंध ४१ लाल खुणा होऊन परत आला आणि लेकीने आठवडाभर वही उघडली नाही. मग घरात तह झाला, एका निबंधात एकाच जातीची चूक धरायची, यावेळी फक्त लिंग, पुढच्या वेळी फक्त ऱ्हस्व-दीर्घ, आणि तोच निबंध दुसऱ्यांदा लिहायचाच. विषयही बदलले. ‘माझा आवडता सण’ला रजा. ऑगस्ट २०२४च्या पुरात इथल्या विश्वामित्री नदीतल्या मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या होत्या, तर मगरी शहरातून हलवाव्यात की नाही, यावर लिही म्हटलं. पहिल्या वेळी पानभर नुसती भीती. नानांनी खाली एकच ओळ लिहिली, ‘मगर आधी आली की सोसायटी?’ दुसऱ्यांदा लिहिलेला निबंध अडीच पानं झाला आणि त्यात पहिल्यांदा ‘पण’ने सुरू होणारा परिच्छेद होता. सगळ्या दीड वर्षात मला ज्याचा उपयोग झालेला दिसला तो हाच, कोणीतरी नीट वाचून प्रश्न विचारणं आणि पोरीने परत लिहिणं.

घरच्यात तोटे आहेतच. पाहुणे आले की बुट्टी, नवरात्रीचे नऊ दिवस तर विचारूच नका, रात्री १२ला गरब्याहून येणारी मुलगी सकाळी काय निबंध लिहिणार. एनआयओएसच्या टीएमएला, म्हणजे घरून लिहून तपासायला द्यायच्या असाइनमेंटला, तारीख असते आणि २० टक्के मार्क असतात, त्या धाकाने थोडी शिस्त राहते.

मग काय घ्यावं? आमच्याकडे आता व्याकरणाला वर्कबुक आहे पण आठवड्यातून दोनदाच, तेही निबंधात जी चूक निघाली तेवढाच धडा. वाचन घरचं. तुमच्याकडे नाना नसतील आणि तुम्हाला स्वतःला वेळ नसेल तर मी पूर्ण क्लासऐवजी फक्त निबंध तपासून देणारं माणूस शोधेन, एखाद्या रिटायर्ड बाई गल्लीतच निघतील. ऑनलाइनच घ्यायचं असेल तर डेमोला बसण्याआधी मुलाचा एक जुना निबंध त्यांना पाठवा. तो कसा परत येतो ते बघा, नुसता मार्क येतो की प्रश्न येतो, आणि तोवर फी भरू नका.