आरएक्स १००चा मूळ कार्बोरेटर गेला, वर १०,६८० रुपये गेले

जुनी गाडी दुरुस्तीला दिली की तिचे मूळ सुटे भाग काढून घेतले जातात आणि त्या जागी बाजारातील नकली माल बसवला जातो, हे नव्याने सांगण्याची गरज नाही. यामाहाची जुनी आरएक्स १०० मोटरसायकल बाळगणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकलेले असते. मीही ऐकले होते. तरीही सांगलीत शंभर फुटी रस्त्याच्या परिसरातील एका गॅरेजात माझ्या १९९४ च्या गाडीचा मिकुनी कंपनीचा मूळ कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, गेला आणि वर माझ्याच खिशातून १०,६८० रुपये गेले. सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करता करता ज्याने दुसऱ्यांच्या पावत्यांतील खोट काढण्यात नोकरी घालवली, त्याला हे लिहिताना किती लाज वाटत असेल, ते वाचकांनीच ओळखावे. पण या शहरात पुरात बुडालेल्या गाड्या अजून कितीतरी घरांत उभ्या आहेत, आणि त्या कधी ना कधी कोणाच्या तरी गॅरेजात जाणार आहेत.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा गावभागातील आमच्या घराच्या तळमजल्यावर उभी असलेली ही गाडी हँडलपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर ओळखीच्या एका मेस्त्रींनी इंजिन खोलून गाळ काढला आणि आत तेल सोडून ठेवले. टाकी आणि कार्बोरेटर मात्र ‘नंतर बघू’ म्हणून राहिले ते राहिलेच. अशा गाडीत काय झालेले असते, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. टाकीत शिरलेले पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते आणि गंज तेथूनच धरतो. कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून जाते, मागे पिवळसर चिकट थर राहतो, त्याने इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणाऱ्या पायलट जेटचे बारीक छिद्र बुजते आणि पेट्रोलची आवक थांबवणारी फ्लोटची सुई अडकून बसते. म्हणजे टाकीचा गंज काढणे, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) आणि नळी बदलणे, कार्बोरेटर संपूर्ण सोडून धुणे, एवढेच काम होते, आणि तेवढेच मी त्या गॅरेजात सांगितले होते. ३,००० रुपये आगाऊ दिले, तेव्हाही मनात शंका आली नाही, कारण सामान आणायला पैसे मागणे ही सगळ्याच गॅरेजांची रीत आहे.

आता ज्या क्षणी मला कळायला हवे होते, तो क्षण. गॅरेजमालकांनी बोलावून घेतले आणि फडक्यावर ठेवलेला एक सुटा कार्बोरेटर दाखवला. त्याची पेट्रोल साठणारी वाटी आतून पांढऱ्या भुकटीने खाऊन गेली होती. ‘सर, ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलने खाल्लाय हा. इथेनॉल जुन्या गाडीला चालतच नाही. नवा टाकायला लागणार,’ असे ते म्हणाले, आणि मी मान डोलावली. ज्या गाडीच्या टाकीत २०१९ नंतर पेट्रोलचा थेंब पडला नव्हता, तिचा कार्बोरेटर फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीला आलेल्या पेट्रोलने कसा खाल्ला? हा हिशेब शाळकरी पोरानेही केला असता. आणखी एक गोष्ट त्याहूनही झोंबते. त्या गाडीच्या हेडलाइटमध्ये, स्पीडोमीटरमध्ये, सीटच्या फोममध्ये कृष्णेचा गाळ वाळून बसलेला होता. फडक्यावरच्या त्या कार्बोरेटरमध्ये गाळाचा कणही नव्हता. तो माझ्या गाडीचा नव्हताच. दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीचा भंगार झालेला तुकडा येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी जपून ठेवलेला होता, असे आता माझे ठाम मत झाले आहे.

माझी बाजूही ऐकून घ्यावी. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर खराब करते, ही गोष्ट खरी आहे. या पेट्रोलबद्दल तेव्हा गावात जो तो बोलत होता, आणि ज्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या आसवन्याच इथेनॉल काढतात तेथे तर या विषयावर प्रत्येकाला मत असते. अर्धे खरे सांगून उरलेले खोटे खपवणारा माणूस समोर असला की शिकलेलाच आधी फसतो, कारण अर्धे खरे त्याला आधीच माहीत असते. काढलेला भाग पिशवीत घालून आपल्या घरी न्यावा, तो कितीही भंगार दिसत असला तरी. मी तो गॅरेजातच राहू दिला.

गाडी ताब्यात देताना त्यांनी ती टाकीवर नव्हे, हँडलला टांगलेल्या बाटलीतून नळी जोडून चालू करून दाखवली. बाटलीवर गाडी चालली म्हणजे टाकी आणि कॉक यांची परीक्षा झालीच नाही, हे लक्षात ठेवा. टाकीत पेट्रोल भरून, कॉक रिझर्व्हवर फिरवून, निदान विश्रामबागपर्यंत फेरी मारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मला साध्या कागदावर हिशेब मिळाला, तो असा: ‘ओरिजिनल’ कार्बोरेटर ४,८००, टाकीचा गंज काढून आतून कोटिंग २,४००, कॉक ६५०, नळी व फिल्टर १८०, मजुरी १,२००, एकूण ९,२३०. आगाऊ रक्कम वजा करून उरलेले ६,२३० रुपये मी तेथेच मोजले.

गाडी मिरज रस्त्यावर बंद पडू लागली. थंड असताना चालू होई, पण सिग्नलला उभी राहिली की इंजिन कधी रेस होई, कधी मरून जाई, आणि स्टँडला लावल्यावर खाली पेट्रोल ठिबके. पुन्हा त्याच गॅरेजात गेलो, तर ‘जेट सेट बदलायला लागेल’ म्हणून आणखी १,४५० रुपये घेतले आणि फरक काहीच पडला नाही. शेवटी मिरजेच्या एका जुन्या मेस्त्रींनी कार्बोरेटर उघडून माझ्यासमोर ठेवला. जेटवर आकडे नव्हते, हवा कमी-जास्त करणारी थ्रॉटलची स्लाइड बॉडीत सैल होती, त्यामुळे हवा भलतीकडून शिरत होती, आणि बाहेरचे मिकुनीचे नावही पुसट, नकली होते. बाजारात त्याची किंमत अकराशे रुपये. मूळ जुन्या कार्बोरेटरला शौकीन लोक सात-आठ हजार सहज देतात, हेही त्यांनीच सांगितले. टाकीचे कोटिंग गंज न काढताच वरून ओतलेले होते. त्याचे पापुद्रे सुटून कॉकच्या जाळीत येऊन बसले होते. पुरानंतर नुकसानीच्या दाव्यासाठी काढलेले फोटो घरी शोधले. माझ्या मूळ कार्बोरेटरच्या वाटीला एक स्क्रू वेगळा, ॲलनकीचा (षटकोनी चावीने फिरणारा) होता, तो फोटोत स्पष्ट दिसतो. गाडी देण्याआधी असे फोटो काढा, आणि प्रत्येक भागावर आतल्या बाजूने खूण कोरून ठेवा.

जुना भाग परत मागितला तेव्हा तो भंगारवाल्याने नेल्याचे उत्तर मिळाले. त्यानंतर मी पोलीस ठाण्यात गेलो, आणि तेथे जे ऐकले त्यापुढे गॅरेजमालक सभ्य वाटू लागले. ‘कार्बोरेटर चोरला म्हणता, आणि गाडीला कार्बोरेटर तर आहे, मग चोरी कसली?’ हा पहिला प्रश्न. विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर लाटणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खालील गुन्हा आहे, असे मी सांगितले, तर ‘काका, एवढ्याशा सामानासाठी कलमे सांगू नका’ असे उत्तर आले. फोटो पुरावा होत नाही, साध्या कागदावरचा हिशेब पुरावा होत नाही, मिरजेच्या मेस्त्रींचे म्हणणे पुरावा होत नाही. मग पुरावा कशाचा होतो, तेही कोणी सांगेना. अर्जावर पोच मागितली, तर साहेब बंदोबस्ताला गेले होते. साहेब आले, तर हा दिवाणी मामला असल्याचे कळले. ग्राहकांसाठीच्या एका हेल्पलाइनने जीएसटी क्रमांकाचे बिल मागितले आणि ते नाही म्हटल्यावर तक्रार ‘निकाली’ काढली. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्या गॅरेजला तो क्रमांक घ्यावाच लागत नाही, हे त्या खुर्चीवर बसलेल्याला माहीत नसावे याचा मला, या क्षेत्रात आयुष्य काढलेल्या माणसाला, संताप येतो. मोठ्यांनी बुडवले तर चौकशी समिती बसते. दहा हजारांना फसलेल्याने मात्र स्वतःच्या वेंधळेपणाचा खुलासा करत फिरायचे.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. कागद मी तयार केले आहेत. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. ती रजिस्टर पोस्टाने पाठवली असून पावती जपून ठेवली आहे. टाकी सध्या मिरजेच्या मेस्त्रींकडे आहे. कोटिंग खरवडून गंज काढण्याचे त्यांनी १,९०० रुपये सांगितले आहेत, आणि ते पैसे गाडी टाकीवरच, रिझर्व्हला चालवून पाहिल्यानंतर द्यायचे ठरले आहे.