संकेतस्थळ कशात बांधावे? भावाच्या तक्त्यावर पारखलेले चार मार्ग

रावेर-यावल पट्ट्यातील शेतकरी उत्पादक कंपनी असो, धुळ्यातील शिक्षणसंस्था असो किंवा शहाद्यातील पतसंस्था, संकेतस्थळ करून घ्यायचे ठरले की तीन-चार कोटेशने मागवली जातात, त्यांतील रकमा शेजारीशेजारी ठेवल्या जातात आणि सर्वांत कमी रकमेला किंवा सर्वांत देखण्या नमुन्याला मंजुरी मिळते. या तुलनेत एक रकाना हमखास गाळला जातो. संकेतस्थळ सुरू झाल्यानंतर त्यावरचा रोज बदलणारा मजकूर कोण चढवणार, आणि त्याच्या हातून तयार होणारे पान सर्वांना वाचता येणार का? माझ्या मते निर्णय याच रकान्यावर व्हायला हवा. म्हणून पुढील चारही मार्ग मी एकाच कामावर पारखतो आहे, ते म्हणजे केळीच्या रोजच्या भावाचा तक्ता. शिक्षणसंस्थेने त्या जागी प्रवेशाची सूचना समजावी, पतसंस्थेने ठेवींचे व्याजदर.

हा तक्ता आज बहुतेक ठिकाणी चित्र म्हणून चढवला जातो. व्हॉट्सअ‍ॅपसाठी केलेले रंगीत पोस्टर तसेच उचलून संकेतस्थळावर टाकले जाते. अंध वापरकर्त्याच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, त्या चित्रात फार तर फाइलचे नाव सापडते; उतारवयातील शेतकऱ्याने मोबाइलवर अक्षरे मोठी करायला गेल्यास ती पुसट होतात आणि पान कडेला सरकत राहते. हाच भाव एचटीएमएल या, पाने लिहिण्याच्या भाषेतील खऱ्या तक्त्यात मांडला, किमान, कमाल व सर्वसाधारण दर ही स्तंभांची नावे साध्या चौकटीत न ठेवता शीर्षकाच्या टीएच या टॅगमध्ये (कोडमधील खुणेत) ठेवली आणि तक्त्याला तारखेसह मथळा दिला, तर एका चौकटीतून दुसरीत जाताना ‘कमाल दर’ आणि त्याखालचा आकडा असे दोन्ही एकत्र ऐकू येते. टीएच नसेल, तर नुसत्या आकड्यांची रांग ऐकू येते आणि त्यातला किमान कोणता, कमाल कोणता, याचा हिशेब ऐकणाऱ्याने मनात ठेवायचा. डोळ्यांना दोन्ही तक्ते अगदी सारखे दिसतात, म्हणून नमुना पाहून मंजुरी देणाऱ्या संचालक मंडळाला हा फरक कधीच कळत नाही.

तयार बांधणी सेवा

विक्स किंवा गूगल साइट्ससारख्या सेवांत घटक ओढून ठेवले की पान तयार होते. होस्टिंग (संकेतस्थळ इंटरनेटवर ठेवण्याची जागा), सुरक्षा आणि अद्ययावतीकरण सेवाच पाहते, त्यामुळे एका माणसाच्या व्यवसायाला, उदाहरणार्थ पत्ता, वेळ, चार छायाचित्रे आणि फोन क्रमांक एवढेच दाखवायचे असलेल्या दुकानाला, हा मार्ग पुरतो. अशा दुकानाला मी दुसरा कोणताही मार्ग सुचवणार नाही. मात्र पानाखालचा एचटीएमएल आपल्या हातात नसतो. सेवेने तक्त्याच्या शीर्षकांची सोय दिली असेल तेवढीच वापरायची. नसेल, तर उपाय नाही. शिवाय विक्समध्ये बांधलेले संकेतस्थळ जसेच्या तसे उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. पुढे वाढण्याची इच्छा असलेल्या संस्थेने ही अट पहिल्याच बैठकीत लक्षात घ्यावी.

वर्डप्रेस

मे २००३ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेली संकेतस्थळ बांधण्याची ही मुक्त प्रणाली आज जगातील पाचांपैकी दोनांहून अधिक संकेतस्थळांखाली आहे, आणि जळगावात किंवा धुळ्यात ती जाणणारा माणूस सहज मिळतो. हा दुसरा मुद्दा मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण संकेतस्थळ करून देणारा उद्या पुण्याला निघून गेला, तरी काम दुसऱ्याकडे सोपवता येते. डिसेंबर २०१८ मधील ५.० या आवृत्तीपासून तिच्यात ब्लॉक संपादक आला, म्हणजे परिच्छेद, चित्र, तक्ता असे तुकडे जोडून पान रचण्याची सोय. त्यातील तक्त्याच्या ब्लॉकमध्ये शीर्षकाची ओळ हा पर्याय चालू केला की टीएच आपोआप तयार होतो. म्हणजे कार्यालयातल्या लेखनिकाला एकदा दाखवून दिले, आधीच तयार असलेल्या तक्त्यात फक्त आकडे बदलायला सांगितले, तर कोड न शिकताही त्याच्या हातून योग्य तक्ता निघतो. भाव रोज बदलणाऱ्या संस्थेसाठी या मार्गाला झुकते माप देण्याचे माझे कारण हेच आहे.

परंतु वर्डप्रेस म्हटले की काम झाले, असे नाही. थीमच्या (संकेतस्थळाच्या तयार रूपांच्या) अधिकृत संग्रहात ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी रेडी’ अशी खूण असलेल्या थीम वेगळ्या काढता येतात. कीबोर्डने मेनू चालतो का, मथळ्यांची उतरंड बरोबर आहे का, फॉर्ममधील रकान्यांना नावे जोडलेली आहेत का, रंगांत पुरेसा फरक आहे का, अशा गोष्टी तिथे तपासलेल्या असतात. प्रत्यक्षात मात्र ठेकेदार आपल्याकडे आधीच असलेली सरकत्या चित्रांची भपकेबाज थीम वापरतो, तिच्यावर पान रचणारे एक जड प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा जादा भाग) चढवतो आणि त्यावर आणखी डझनभर प्लगइन बसवतो. अशा पानात डिव्हच्या (नुसत्या, अर्थ नसलेल्या पेटीच्या टॅगच्या) आत डिव्ह, त्याच्या आत पुन्हा डिव्ह असा पसारा होतो, ‘बटण’ म्हणून दिसणारी गोष्ट खरे बटण नसते, आणि ती माऊसने दाबली जाते पण टॅब कळीने तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. शिवाय जुनी, अद्ययावत न केलेली प्लगइन ही वर्डप्रेस संकेतस्थळांत शिरण्याची सर्वांत सोपी वाट असते. वार्षिक देखभालीचा खर्च अंदाजपत्रकात धरायचा नसेल, तर वर्डप्रेस घेऊच नये.

हाताने लिहिलेली स्थिर पाने

खान्देशात या मार्गाला ‘जुन्या पद्धतीचे’ म्हणून हिणवले जाते. तो समज आता खरा राहिलेला नाही. पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतील ग्रिड ही मांडणीची सोय मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांत पोहोचली. फ्लेक्सबॉक्स ही मांडणीची दुसरी सोय तर त्याआधीपासून होतीच. २०२३ च्या सुरुवातीपर्यंत ज्या पेटीत मजकूर बसला आहे तिच्या रुंदीनुसार मांडणी बदलण्याची कंटेनर क्वेरीची सोयही सर्व प्रमुख ब्राउझरांत आली. पूर्वी ज्यासाठी अवजड फ्रेमवर्क (तयार कोडचा संच) लागे, ते आता शंभरएक ओळींच्या सीएसएसमध्ये बसते. डेटाबेस नसल्याने पान क्षणात उघडते आणि कोणत्याही साध्या होस्टिंगवर चालते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांत, जिथे रेंज येते-जाते, तिथे याचा उपयोग आकड्यांत सांगावा लागत नाही.

ग्रिडबाबत एक सावधगिरी मात्र हवी. भावाचा तक्ता पडद्यावर सर्वांत वर दिसावा म्हणून केवळ ग्रिडने त्याची जागा बदलली आणि कोडमध्ये तो खालीच राहिला, तर डोळ्यांना एक क्रम दिसतो आणि स्क्रीन रीडरला दुसरा ऐकू येतो; म्हणून क्रम आधी कोडमध्ये बदलावा. तसेच लहान पडद्यासाठी सीएसएसमधून तक्त्याच्या ओळींना ‘ब्लॉक’ करून एकाखाली एक पाडण्याची युक्ती टाळावी, कारण काही ब्राउझरांत त्यामुळे तक्त्याचे तक्तापण जाते. त्याऐवजी तक्ता आडव्या सरकणाऱ्या पेटीत ठेवावा आणि ती पेटी कीबोर्डनेही सरकेल अशी करावी.

या मार्गाची उणीव एकच आहे आणि ती मोठी आहे. रोजचा भाव बदलायला कोडची फाइल उघडावी लागते, म्हणजे तो बदलणारा माणूस जाणकार लागतो. तो रजेवर गेला की तक्ता चार दिवस तसाच राहतो. वर्षातून एक-दोनदाच बदलणाऱ्या माहितीसाठी, म्हणजे एखाद्या वाचनालयासाठी, ट्रस्टसाठी किंवा नर्सरीसाठी, मी डोळे मिटून स्थिर पाने सुचवीन. रोजच्या भावासाठी सुचवणार नाही.

रिअ‍ॅक्ट आणि तत्सम

फेसबुकने २०१३ मध्ये खुली केलेली रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्टमधील लायब्ररी (तयार कोडचा संच) सभासदाने लॉगिन करून खाते पाहणे, मालाची नोंद करणे अशा खऱ्या अ‍ॅप्लिकेशनसाठी आहे. माहितीच्या पानांसाठी ती घेतली, की जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) उतरेपर्यंत पान कोरे राहते, आणि एका पानावरून दुसऱ्यावर गेल्याचे स्क्रीन रीडरला आपोआप कळत नाही. ते मुद्दाम लिहून द्यावे लागते. सर्व्हरवर पान तयार करून पाठवले तर पहिली अडचण सुटते, दुसरीकडे तरीही लक्ष द्यावेच लागते. कोटेशनमध्ये हे नाव दिसले, तर ‘आमच्या कामात लॉगिन कुठे आहे?’ एवढे विचारावे.

मार्ग कोणताही निवडला, तरी देवनागरीचे काही हिशेब वेगळे करावे लागतात, आणि इंग्रजीवरून उचललेल्या थीममध्ये ते चुकलेले असतात. अक्षरांमधील अंतर वाढवणारा नियम मथळ्याला लावला की शिरोरेषा तुटते. ओळींची उंची अक्षराच्या दीडपटीहून कमी ठेवली की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून नोंदवलेली नसेल, तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला घेतो आणि काहीच कळत नाही. ही दुरुस्ती एका शब्दाची आहे आणि निम्म्या संकेतस्थळांत ती केलेली नसते, असा माझा अनुभव आहे. अहिराणी मजकूर असेल, तर त्यासाठी ‘एएचआर’ हा स्वतंत्र भाषासंकेत उपलब्ध आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये, टंकलेल्या सूचनेची पीडीएफ मात्र कोणत्याही मार्गात निरुपयोगीच ठरते, कारण तिच्यातून वाचायला निघते ती रोमन अक्षरांची खिचडी.

रंगांचेही तसेच आहे. केळीवाल्यांना पिवळा हवा असतो, सराफांना सोनेरी. सीएसएसमध्ये ‘गोल्ड’ या नावानेच ओळखला जाणारा रंग पांढऱ्यावर ठेवला, तर दोहोंतील तफावतीचे गुणोत्तर १.४ च्या आसपास भरते. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, सामान्य आकाराच्या मजकुरासाठी डबल-ए (तीनपैकी मधल्या) पातळीवर ते किमान ४.५ लागते. तोच पिवळा काळ्यावर किंवा गडद हिरव्यावर ठेवला, तर तो निकषात बसतो आणि संस्थेचा रंगही राहतो.

या निकषांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. सरकारी संकेतस्थळांसाठी भारत सरकारची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आहेत, परंतु दिव्यांग व्यक्तींचे अधिकार अधिनियम, २०१६ हा सेवा देणाऱ्या खासगी संस्थांनाही लागू होतो, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे म्हटले आहे. पतसंस्थांनी हे विशेष गांभीर्याने घ्यावे. कोपऱ्यात माणसाची आकृती असलेले एक प्लगइन बसवून ‘संकेतस्थळ सुगम्य झाले’ असे सांगणारा ठेकेदार भेटला, तर त्याला कोडमधील टीएच दाखवायला सांगावे. अशा एका कंपनीच्या दाव्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरण्याचा आदेश प्रस्तावित केला होता.

कार्यादेशात म्हणूनच ‘आकर्षक, रिस्पॉन्सिव्ह संकेतस्थळ’ असे न लिहिता डब्ल्यूसीएजी २.२, डबल-ए पातळी असे स्पष्ट लिहावे, आणि शेवटचा हप्ता तपासणीनंतरच द्यावा. ही तपासणी संस्थेला स्वतः करता येते. माऊस बाजूला काढून केवळ टॅब आणि एंटर या कळांनी चौकशीचा फॉर्म भरून पाठवावा. विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर चालू करून भावाचा तक्ता ऐकावा. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक लावून तेच पुन्हा करावे. त्यानंतर भाव चढवणाऱ्या लेखनिकाला ठेकेदाराच्या मदतीशिवाय दुसऱ्या दिवसाचा भाव भरायला सांगावे, आणि तयार झालेला तक्ता पुन्हा एनव्हीडीएवर ऐकूनच बिलावर सही करावी.