युक्रेन युद्धाचे फुकट नकाशे आणि याद्या: कशावर किती भिस्त ठेवावी

साताऱ्यात देशातलं पहिलं सैनिक स्कूल आहे, १९६१ सालचं. जवळच अपशिंगे मिलिटरी आहे आणि खाली सांगली-मिरजेपर्यंत अभ्यासिका एनडीए-सीडीएस या सैन्यभरतीच्या परीक्षा देणाऱ्या पोरांनी भरलेल्या असतात. त्यामुळे युक्रेनवर बोलणाऱ्यांची इकडे वाण नाही. पारावरचे निवृत्त सुभेदारही बोलतात आणि एसएसबी या सैन्याच्या निवड-मुलाखतीतल्या लेक्चरेटची, म्हणजे छोट्या भाषणाची, तीन मिनिटं घोकणारी मुलंही. बोलणं मात्र बहुतेक टीव्हीवरच्या चर्चेवर चालतं आणि तिथे दर आठवड्याला कोणीतरी 'निर्णायक वळणावर' असतं. ज्या साधनांवरून जगभरचे लष्करी निरीक्षक आपली मतं बनवतात, ती आपल्यालाही फुकट उघडता येतात. त्यांतल्या चार सेवांचं हे परीक्षण. आधीच सांगून टाकतो: फोनवर एकच ठेवायची असेल तर डीपस्टेट ही नकाशाची सेवा ठेवा, पण फक्त तिच्यावर विसंबून मत बनवू नका.

असं का, हे कळायला निरीक्षकांची पहिली फसगत पाहावी लागते. २४ फेब्रुवारी २०२२ ला आक्रमण सुरू झालं. त्याआधी अमेरिकेचे तेव्हाचे संयुक्त सैन्यप्रमुख जनरल मार्क मिली यांनी बंद दाराआडच्या बैठकीत कीव्ह ७२ तासांत पडू शकतं असं सांगितल्याची बातमी होती. हे मत एकट्या त्यांचं नव्हतं. रणगाडे, विमानं, क्षेपणास्त्रं मोजली की उत्तर तेच येत होतं. जे मोजलं गेलं नाही ते वेगळंच होतं. रशियाच्या एका बटालियन टॅक्टिकल ग्रुपमध्ये, म्हणजे स्वतंत्रपणे लढायला बांधलेल्या तुकडीत, कागदावर ६०० ते ९०० माणसं असत, पण गाडीतून उतरून लढणारं पायदळ त्यात फार थोडं. गावात, झाडीत, शहरात शिरायचं तर तेच लागतं. मायकेल कॉफमन आणि रॉब ली या लष्करी अभ्यासकांनी २०२२ च्या उन्हाळ्यात नेमकं हे मांडलं. रसदीचं तर कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. अमेरिकी लष्करातले अधिकारी अ‍ॅलेक्स व्हर्शिनिन यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये लिहिलं होतं की रशियन सैन्य रेल्वेवर अवलंबून आहे, ट्रक कमी आहेत, आणि सीमेपलीकडे साधारण १४५ किलोमीटरच्या पुढे न थांबता रेटणं त्याला जड जाईल.

कीव्ह बेलारूसच्या सीमेपासून तेवढंही लांब नाही, तरी गाडं अडलं. कीव्हजवळच्या होस्तोमेलच्या विमानतळावर पहिल्याच दिवशी हेलिकॉप्टरमधून छत्रीसैनिक उतरले, पण धावपट्टी निर्धोक ताब्यात न आल्याने मागून मोठ्या विमानांनी यायची कुमक आलीच नाही. युक्रेनने धरण उघडून इरपिन नदीचं खोरं पाण्याखाली घातलं. उरलेले मोजके रस्ते भरले आणि फेब्रुवारीअखेर उपग्रहचित्रांत ६४ किलोमीटर लांबीचा ताफा दिसू लागला, म्हणजे साताऱ्याहून निघून कराडच्या पुढे जाणारा. रस्ता सोडून शेतातून जावं तर तिथली जमीन काळी. पहिल्या पावसानंतर मिरजेकडच्या काळ्या रानात ट्रॅक्टरसुद्धा का घालत नाहीत हे ज्याला माहीत आहे, त्याला या ताफ्याचं कोडं पडणार नाही. ब्रिटनच्या रुसी या संस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार कीव्हच्या उत्तरेला युक्रेनच्या एकास रशियाचे बारा असं बळ होतं. कीव्ह वाचण्याचं श्रेय त्या अभ्यासाने खांद्यावरच्या जॅव्हलिन या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांपेक्षा दोन तोफखाना ब्रिगेडच्या एकवटलेल्या माऱ्याला दिलं. टीव्हीवर मात्र जॅव्हलिनच दिसत होतं, कारण त्याचे व्हिडिओ होते.

हे लक्षात ठेवून सेवांकडे वळू.

आयएसडब्ल्यू. इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ वॉर ही वॉशिंग्टनची संस्था २००७ मध्ये किम्बर्ली केगन यांनी सुरू केली. तिचा युद्ध-आढावा आणि नकाशा साधारण आपल्याकडच्या सकाळी मिळतो. मजकुराच्या वर माहिती कधीपर्यंतची आहे ती वेळ दिलेली असते, तीही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची. त्यात उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मिळवा. हे न केल्यामुळे दोन बातम्यांत विसंगती आहे असं उगाच वाटतं.

नकाशा वाचताना रंगापेक्षा शब्द पाहा. 'असेस्ड' म्हणजे चित्रफितीतली जागा ओळखून किंवा तशाच पुराव्यावरून संस्थेने स्वतः मानलेलं. 'क्लेम्ड' म्हणजे कुणीतरी नुसता दावा केलेलं. बातम्यांमध्ये या दोघांची सरमिसळ सर्रास होते. लेख लांब असतो. आधी 'की टेकअवेज' म्हणजे मुख्य मुद्दे वाचावेत, मग आपल्याला हव्या त्या आघाडीचा भाग. प्रत्येक विधानाला तळटीप असते, त्यातल्या पुष्कळ टेलिग्राम चॅनेलकडे नेतात. निदान दोन-तीन उघडून बघावीत. संस्थेचा कल उघडपणे युक्रेनच्या बाजूने आहे. ती तो लपवत नाही आणि जागा-तारखांच्या बाबतीत काटेकोर असते, म्हणून खटकत नाही. विशेषणं गाळून वाचली की काम भागतं. खरी अडचण वेगळी आहे. रोज लिहायचं म्हटलं की रोज काहीतरी घडलेलं दाखवावं लागतं. दोन वाड्यांमधली झाडांची एक रांग हातची गेली, तर तिलाही परिच्छेद मिळतो.

डीपस्टेट. युक्रेनी मंडळींनी चालवलेला नकाशा. फोनवर सगळ्यात सुटसुटीत. लाल म्हणजे रशियाच्या ताब्यात, हिरवं म्हणजे परत मिळवलेलं, करडं म्हणजे ठरवता न येणारं. नवखा माणूस करड्याकडे दुर्लक्ष करतो आणि लाल-हिरव्याची सीमा शोधत बसतो. लढाई बहुतेक करड्यातच चाललेली असते. ड्रोनमुळे दोन्हीकडचं पायदळ दोन-दोन, तीन-तीन माणसांच्या ठाण्यांवर विखुरलं आहे, त्यामुळे पूर्वीसारखी सलग खंदकरेषा पुष्कळ ठिकाणी उरलेलीच नाही. करडा पट्टा रुंदावत चालला असेल तर तिथे काहीतरी सैल झालंय असं समजावं, रंग बदलायची वाट पाहू नये.

तारीख मागे नेण्याची सोय आणि अंतर मोजायची पट्टी या दोन गोष्टींसाठी ही सेवा आयएसडब्ल्यूच्या पुढे ठेवावी लागते. दोष असा की आपल्या सैन्याला धोका होईल अशा हालचाली ती उशिरा दाखवते. ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनी सैन्य कुर्स्कमध्ये घुसलं, तसल्या प्रसंगी पहिल्या काही दिवसांचा नकाशा पुरावा म्हणून धरू नये. गावांच्या नावांचाही घोळ आहे. रशियन बातम्यांतलं आर्त्योमोव्स्क म्हणजे बाखमुतच. नावावर न जाता शेजारची नदी किंवा रेल्वेफाटा जुळवून पाहावा.

ओरिक्स. स्टेइन मिट्झर आणि योस्ट ऑलिमन्स या दोघांनी सुरू केलेली, दोन्ही सैन्यांनी गमावलेल्या रणगाड्यांची आणि गाड्यांची यादी. फोटो किंवा व्हिडिओ असेल तरच गाडी मोजायची, आणि प्रत्येक आकड्यावर बोट ठेवलं की तो फोटो उघडतो. चार खाती आहेत: नष्ट, नुकसान झालेली, सोडून दिलेली, शत्रूच्या हाती लागलेली. युद्धाचं पहिलं वर्ष संपता संपता रशियन रणगाड्यांचा आकडा हजारापलीकडे गेला होता. हा खरा आकडा नसून किमान आकडा आहे. फोटो निघालाच नाही ती गाडी यादीत नाही, आणि ज्या बाजूच्या हातात जास्त ड्रोन, तिच्या शत्रूचे फोटो जास्त. म्हणून दोन्ही देशांचे आकडे शेजारी ठेवून थेट भागाकार करणं चुकीचं. काळानुसार एकाच बाजूचा कल पाहावा: टी-९० आणि टी-८० रणगाडे कमी होऊन जुने टी-६२ कधी दिसू लागले, चिलखती गाड्यांच्या जागी साध्या गाड्या कधी आल्या. साठा कुठवर आला ते त्यावरून कळतं.

आपल्याकडच्या माजी सैनिकांना ही यादी सगळ्यात जास्त पटेल, कारण टी-७२, टी-९० हे रणगाडे आणि बीएमपी-२ ही पायदळाची चिलखती गाडी आपल्याही सैन्यात आहेत. बुरूज उडालेल्या टी-७२ चे फोटो पाहून 'रणगाडाच भिकार' म्हणणं मात्र घाईचं. त्याच्या फिरत्या तबकात २२ गोळे खाली तळाशी असतात. बाकीचे आत जागा मिळेल तिथे ठेवलेले असतात, आणि ते पेटले की सगळंच जातं. पान फार जड आहे. जुन्या फोनवर अडकतं, अभ्यासिकेतल्या संगणकावर उघडा.

फर्म्स. नासाची ही सेवा युद्धासाठी नाहीच, आगी शोधण्यासाठी आहे. व्हीआयआयआरएस उपकरणाचा एक ठिपका ३७५ मीटरचा, जुन्या मोडिसचा एक किलोमीटरचा. नोंद जगभर साधारण तीन तासांत चढते. उपग्रह दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास वरून जातो, मधल्या वेळात पेटून विझलेलं त्याला दिसत नाही. ढगांखालचंही नाही.

वापरायला शिकायचं तर युक्रेनपासून सुरुवात करू नका. गाळप हंगामात वाळवा, पलूस, कराड हा पट्टा उघडा. पाचट पेटवलेल्या फडांचे ठिपके दिसतील, आणि ते खरे कुठले हे तुम्हाला विचारून खात्री करता येईल. ठिपक्याचं मध्य आणि प्रत्यक्ष रान यांत किती फरक पडतो तेही कळेल. मग युक्रेनकडे जा. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये गव्हाची काढणी झाल्यावर धसकटं पेटतात, त्यामुळे त्या दिवसांत ही सेवा जवळजवळ निरुपयोगी. थंडीत मात्र आघाडीच्या रेषेवर सलग ठिपके आले तर तो तोफखाना असण्याची शक्यता मोठी. एकट्या ठिपक्यावरून 'दारूगोळ्याचं कोठार उडालं' म्हणणारे व्हिडिओ सोडून द्यावेत.

ब्रिटिश संरक्षण खात्याचे छोटे गुप्तवार्ता-अहवाल सारांशलेखनाच्या सरावाला बरे. स्रोत देत नाहीत, म्हणून वादात पुरावा म्हणून नको.

या चारही सेवांत एक भोक सारखंच आहे. रुसीच्या त्याच अभ्यासात २०२२ च्या उन्हाळ्यात रशिया दिवसाला २०,००० च्या आसपास तोफगोळे डागत होता आणि युक्रेन ६,००० च्या आसपास, असं दिलं आहे. ते कुठल्याच नकाशावर उमटत नाही. पायदळात माणसं किती उरली, हेही नाही. पहिल्या आठवड्यांत युक्रेनला कमी लेखलं गेलं, पुढे अंदाज उलट्या बाजूला कलंडले. युरोपातल्या अमेरिकी लष्कराचे माजी प्रमुख बेन हॉजेस २०२३ च्या उन्हाळ्याअखेर क्रिमिया मोकळा होऊ शकतो म्हणत होते. युक्रेनचा त्या जूनमधला हल्ला सुरुंगांच्या पट्ट्यांत अडकला आणि दक्षिणेतल्या रोबोतिने गावाच्या आसपास थांबला, पुढचं तोकमाक शहरही गाठलं नाही.

लेक्चरेटची तयारी करणाऱ्याने एक सराव करून पाहावा. डीपस्टेटवर ५ सप्टेंबर २०२२ आणि ११ सप्टेंबर २०२२ या तारखा आलटून पालटून लावा, खारकीव्हच्या पूर्वेला, जिथे त्या आठवड्यात युक्रेनने अचानक मुसंडी मारली. बालाक्लिया, कुप्यान्स्क, इझ्युम यांमधली अंतरं पट्टीने मोजा. मग त्याच आठवड्याचे आयएसडब्ल्यूचे आढावे उघडा आणि त्याआधीच्या दोन आठवड्यांचेही, जेव्हा सगळ्यांचं लक्ष दक्षिणेतल्या खेरसनकडे होतं. त्यानंतर ओरिक्सच्या यादीत इझ्युमच्या बाजूला शत्रूच्या हाती लागलेल्या गाड्यांचे फोटो उघडा. किती गाड्यांवर माऱ्याची खूण नाही, तेवढं मोजा.