टपावरचे व्हाइनिल काढून घेताना: १९७२ ची कटलस सुप्रीम आणि एक छोटे गॅरेज

माझी जनरल मोटर्सची ओल्ड्समोबिल कटलस सुप्रीम १९७२ सालची आहे. दोन दारांची, ३५० घनइंची व्ही-८ इंजिनाची ही गाडी लॅन्सिंगच्या कारखान्यात तयार झाली, हे तिच्या व्हीआयएनमधल्या (गाडीच्या ओळख क्रमांकातल्या) ‘एम’ या अक्षरावरून कळते, आणि आज ती त्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर, मिशिगनमध्येच आमच्या घरी असते. तिच्या टपावर कारखान्यातूनच बसवलेले पांढरे व्हाइनिल, म्हणजे पत्र्यावर चिकटवलेले प्लॅस्टिकचे आवरण, होते. गेल्या दोन वर्षांत मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत त्याला फुगे आले होते आणि त्यांवर बोट दाबले की आतून वाळलेला पापड मोडल्यासारखा आवाज येत असे. तो आवाज ऐकल्यावर टप उघडून पाहण्याचे काम पुढे ढकलण्यात अर्थ नव्हता.

हे काम ज्या गॅरेजकडे दिले त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण तिथे आधीच आठ महिन्यांची रांग आहे आणि मालकांनी स्वतःच तशी विनंती केली. वडील, मुलगा आणि एक मदतनीस एवढीच माणसे तिथे काम करतात. त्यांच्याकडे जाण्यापूर्वी मी अन्य दोन ठिकाणी चौकशी केली होती. दोघांनीही गाडीभोवती एक फेरी मारून संपूर्ण कामाची ठोक रक्कम सांगितली. या मालकांनी मात्र आकडा सांगायला साफ नकार दिला. व्हाइनिल निघेपर्यंत खालचा पत्रा किती शिल्लक आहे हे कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे आधी फक्त उघडण्याच्या कामाचे पैसे घ्यायचे, मग छायाचित्रे दाखवून पुढचा अंदाज द्यायचा आणि त्या टप्प्यावर गाडी परत न्यायची असल्यास ती मुकाट्याने द्यायची, अशी त्यांची पद्धत आहे. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण गुण देतो.

व्हाइनिल काढणे म्हणजे चादर ओढून काढणे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिला दिवस व्हाइनिलला हात न लावताच गेला. मागची काच काढणे, तिच्याभोवतीच्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या एकेक क्लिप सोडवत उतरवणे, आतले छताचे कापड मागच्या बाजूने सैल करणे, हे सगळे आधी करावे लागते, कारण व्हाइनिलच्या कडा काचेच्या खाचेत आणि पट्ट्यांखाली दुमडून चिकटवलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी मला बोलावून मुलाने हीट गनने एक कोपरा गरम केला आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने उचलला. वरचे व्हाइनिल सोलत आले, पण त्याचे सुती अस्तर जागोजागी पत्र्यालाच चिकटून राहिले. पन्नास वर्षांचा गोंद, दमट सूत आणि गंज यांचा मिळून येणारा वास पावसाळ्यात बंद राहिलेल्या माळ्याची आठवण करून देणारा होता.

टप उघडा पडला तेव्हा त्याच्यावर पुढून मागे जाणाऱ्या दोन समांतर तपकिरी रेघा दिसल्या, रेल्वेच्या रुळांसारख्या. व्हाइनिल तीन तुकडे शिवून केलेले असते आणि त्या रेघा बरोबर दोन शिवणींच्या खाली होत्या. सुईच्या प्रत्येक छिद्रातून पाणी थेंबाथेंबाने आत गेले आणि अस्तराने ते ओल्या फडक्याप्रमाणे धरून ठेवले. रुळांखालचा गंज मात्र वरवरचाच होता. खरे नुकसान मागच्या काचेच्या खाचेत आणि पट्ट्यांच्या क्लिपा अडकवण्यासाठी पत्र्यावर वेल्ड केलेल्या छोट्या खुंटांभोवती झाले होते. अकरा खुंट तर बोटाने हलवताच गळून पडले.

उरलेल्या गोंदावर त्यांनी थ्री-एम कंपनीचे ॲडहेसिव्ह क्लीनर, म्हणजे गोंद काढण्याचे द्रावण, वापरले. कपड्यावर घेऊन ते पत्र्यावर लावायचे, थोडा वेळ मुरू द्यायचे आणि मऊ झालेला गोंद प्लॅस्टिकच्या पट्टीने ओढून घ्यायचा. काम सावकाश होते, पण पत्र्यावर ओरखडा उठत नाही. सँडर, म्हणजे घासण्याचे यंत्र, थेट गोंदावर फिरवला तर गोंद वितळून पॉलिश पेपरच बुजतो. टप आणि मागचा खांब, म्हणजे मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंचा टप पेलणारा पत्रा, जिथे जुळतात, त्या सांध्यात कारखान्यात शिसे भरलेले असते. तिथे शिशाची धूळ उडू नये म्हणून त्यांनी यंत्र न चालवता मास्क लावून हातानेच घासले, याचीही नोंद घ्यायला हवी.

गंजलेला पत्रा कापून नवे तुकडे बसवताना त्यांनी एका ठिकाणी सलग वेल्डिंग केले नाही. एक टाका इथे, दुसरा वीतभर दूर, मध्ये थंड होऊ द्यायचे, असा क्रम त्यांनी ठेवला, कारण टपाचा पत्रा मोठा आणि सपाट असल्याने उष्णतेने लगेच लहरी धरतो. नंतर इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर जेमतेम आवश्यक तेवढी लांबी (पुट्टी) भरली. उन्हात तिरपे पाहिले तरी टप सरळ दिसतो.

माझी तक्रार रंगाबाबत आहे. व्हाइनिल असताना मागच्या खांबाच्या पायथ्याशी एक पट्टी होती आणि टप तिथे संपत असे. व्हाइनिल परत लावायचे नाही असे ठरवून आम्ही त्या पट्टीची छिद्रे बुजवली, आणि मग लक्षात आले की टपाचा रंग थांबवायला आता कुठेही रेघ उरलेली नाही. खांबाचा पत्रा अखंडपणे मागच्या मडगार्डच्या पत्र्यात उतरतो. म्हणजे टप रंगवायचा तर मडगार्डचे दोन्ही पत्रेही रंगवावे लागतात. त्यातही माझ्या गाडीवर जनरल मोटर्स त्या काळी वापरत असे ते मूळ ॲक्रिलिक लॅकर आहे, तर नवे काम बेस कोट आणि क्लिअर कोटचे, म्हणजे खाली रंगाचा आणि वर पारदर्शक थर असलेले. रंगछटा जुळली, चकाकी जुळली नाही. संध्याकाळच्या उन्हात दाराच्या कडेशी हा फरक मला रोज दिसतो. गंजाबाबत इतक्या प्रामाणिकपणे टप्पे पाडणाऱ्या माणसाने ही गोष्ट छिद्रे बुजवण्यापूर्वी सांगायला हवी होती. त्यांना ती ठाऊक नव्हती असे मी मानू शकत नाही. आधी कळले असते तर कदाचित मी नवे व्हाइनिलच लावून घेतले असते.

हिशेब असा झाला. तासाला ९५ डॉलर दराने उघडण्याचे १४ तास, म्हणजे १,३३० डॉलर, आणि पत्र्याचे २६ तास, म्हणजे २,४७० डॉलर. रंगाचा अंदाज २,१०० डॉलरचा होता, तो मडगार्डांमुळे २,९०० वर गेला. एकूण ६,७०० डॉलर आणि सांगितलेल्या सहा आठवड्यांऐवजी अकरा आठवडे. स्टेनलेसच्या पट्ट्या नावे लिहून, फडक्यात गुंडाळून परत मिळाल्या, त्यांतली एक किंचित वाकलेली होती.

गाडी ताब्यात देण्याआधी मालकांनी मागच्या काचेवर पंधरा मिनिटे पाण्याचा पाइप धरला. आत पाणी येते का हे पाहण्यासाठी मी टॉर्च घेऊन डिकीत आडवा झालो होतो. १९७२ च्या गाडीची डिकी आतून उघडत नाही, म्हणून किल्ली मुलाच्या हातात देऊन मगच झाकण लावू दिले. वर पाण्याचा धो धो आवाज होत होता आणि काचेखालच्या खाचेवरून मी बोट फिरवत होतो. बोटाला फक्त नव्या प्रायमरची भुकटी लागली.