टीरेक्स ट्रॅफिक जनरेटर: फुकट आहे, डोकं खातं, पण खरं बोलतं

लीज लाइनची (भाड्याने घेतलेली खास आपली लाइन) तक्रार केली की व्हेंडरचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो, आयपर्फ (वेग मोजायचं टूल) लावतो, ९४० एमबीपीएस दाखवतो आणि "सर फुल स्पीड येतंय" म्हणून सही घेऊन पसार. इकडे सकाळी सगळं हिंजवडीचं ऑफिस लॉगिन झालं की शिवाजीनगरच्या ऑफिसशी बोलताना कॉलवर अर्धे शब्द गायब. हे ज्यांनी भोगलंय त्यांनी टीरेक्स, म्हणजे मुद्दाम बनावट ट्रॅफिक सोडून नेटवर्क तपासणारं टूल, वापरून बघाच.

सिस्कोमधून आलेलं ओपन सोर्स टूल आहे, डीपीडीकेवर चालतं, म्हणजे नेटवर्क कार्ड लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) हातातून काढून थेट स्वतः वापरतं, म्हणून साध्या सर्व्हरवरून पण भयानक पॅकेट रेट (सेकंदाला किती पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे) निघतो. आयपर्फ वाईट नाहीये हो, पण ते दोन-चार कनेक्शनवर मोठमोठी पॅकेटं ढकलतं आणि राउटरला काम पडतं ते पॅकेटमागे. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर पावती गाडीमागे फाटते, आत माणसं किती ते कोण बघतं, तसंच. १ गिगाबिटची लाइन १५१८ बाइटच्या फ्रेमनी (म्हणजे मोठ्या पॅकेटांनी) भरायची तर सेकंदाला साधारण ८१ हजार पॅकेटं लागतात, तीच ६४ बाइटनी भरली तर १४.८८ लाख! राउटरच्या डेटाशीटवर जो मोठ्या अक्षरात १ गिगाबिट लिहिलेला असतो तो बहुतेक वेळा पहिल्या हिशोबातला.

खरी मजा प्रोफाइलमध्ये (कसला ट्रॅफिक किती सोडायचा त्याची फाइल) आहे. वेब, मेल, व्हॉइस असे छोटे छोटे पीकॅप (पकडून ठेवलेल्या ट्रॅफिकच्या फाइली) घेऊन टीरेक्स त्यातून हजारो वेगवेगळ्या आयपींचे फ्लो (संभाषणं) तयार करतं, आणि मल्टिप्लायर (किती पट तो आकडा) वाढवत गेलं की लोड वाढतो. सोबत लेटन्सी (पोचायला लागणारा वेळ) मोजायची वेगळी पॅकेटं सोडता येतात, मग स्क्रीनवर ड्रॉप (हरवलेली पॅकेटं), लेटन्सी, जिटर (लेटन्सीतला चढउतार) सगळं लाइव्ह दिसतं. आमच्याकडे लाइनसोबत जो डबा (राउटर) दिला होता तो लॅबमध्ये टीरेक्सच्या दोन पोर्टांच्या मधे लावला, मोठ्या पॅकेटला एकदम शहाण्यासारखा वागला, आणि मिक्स ट्रॅफिक सुरू केल्यावर अर्ध्या लोडच्या आतच लेटन्सी उडाली, मग ड्रॉप, आणि डब्याचा एक सीपीयू कोर शंभर टक्के, बाकीचे निवांत. लाइनचा दोष नव्हताच, डब्याचा होता. तो ग्राफ मेलला जोडल्यावर डबा बदलून मिळाला, तोपर्यंत नुसते तिकीट नंबर मिळत होते.

आता त्रास. घरातल्या मदरबोर्डवरच्या रिअलटेकच्या नेटवर्क चिपवर चालेल असं समजू नका, इंटेलची एक्स७१० वगैरे कार्डं लागतात, आम्ही रिफर्बिश्ड घेतली. सेटअप स्क्रिप्ट पोर्ट विचारते तेव्हा डोळे उघडे ठेवा, ज्या पोर्टवरून एसएसएच (लांबून लॉगिन) करताय तोच दिलात तर सेशन जागीच मेलं, चला खाली रॅकपाशी मॉनिटर घेऊन. ह्यूजपेजेस (मेमरीचे मोठे तुकडे), न्युमा (कोणती मेमरी कुठल्या प्रोसेसरजवळ), कोणता कोर कुठल्या कार्डाला, हे सगळं समजून घ्यावं लागतं. माउस-क्लिकच्या जीयूआयवर वाढलेल्यांना पहिला आठवडा जड जाईल.

अजून एक, जे बरेच जण लक्षात घेत नाहीत. साधा स्टेटफुल मोड पीकॅपच वाजवतो, त्याला खरं टीसीपी (पॅकेटं पोचली का बघून वेग ठरवणारा प्रोटोकॉल) नाही, मधे पॅकेट पडलं तरी तो वेग कमी करत नाही की परत पाठवत नाही. त्यामुळे गर्दीत लिंक कशी वागेल हे बघायचं असेल तर एएसटीएफ (अ‍ॅडव्हान्स्ड स्टेटफुल) मोड वापरा, त्यात बीएसडी ऑपरेटिंग सिस्टिमवरून घेतलेला टीसीपी स्टॅक आहे. आणि सोबत येणारी प्रोफाइलं जुनी आहेत, आजचा ट्रॅफिक म्हणजे सगळा एचटीटीपीएस नाहीतर क्विक (नवा वेब प्रोटोकॉल), तेव्हा आपल्या ऑफिसचा ट्रॅफिक बघून प्रमाण स्वतः बदला. स्वतःचे पीकॅप वापरणार असाल तर आधी कॅप्चरमधला लोकांचा डेटा साफ करा, नाहीतर एचआर बोलावेल.

चालू लाइनवर टेस्ट करायची तर रात्रीच, तीही आधी सांगून. पाठवणारा आणि घेणारा पोर्ट एकाच सर्व्हरवर असणं सोपं पडतं, म्हणून दोन ऑफिसमधल्या लिंकला पलीकडून ट्रॅफिक परत फिरवायची सोय करावी लागते, त्यासाठी पलीकडच्या राउटरवाल्याला चहा पाजून ठेवा.

स्पिरंट, इक्सिया या ब्रँडचे टेस्टिंगचे तयार डबे यापेक्षा छान रिपोर्ट देतात आणि सपोर्टला फोन करता येतो, पण त्यांचं कोटेशन बघून आमच्या साहेबांनी नुसतं हसून दाखवलं. माझ्याकडून ५ पैकी ४. एक स्टार कापला तो एरर मेसेजसाठी, कॉन्फिगमध्ये एक स्पेस चुकली तरी असलं काहीतरी छापतं की गुगलपण हात टेकतं.